डुकरिणीचं वेत आणि पिल्लांचं वजन: पत्र्याखालचे गैरसमज

वराहपालनात नफा-तोटा ठरवणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे दूध तोडताना एका वेताचं मिळून भरलेलं वजन. जन्मलेली पिल्लं हा त्याचा एक भाग. त्यांतली जगली किती आणि जगलेली भरली किती, हे त्याहून मोठे भाग. बहुतेक गोठ्यांमध्ये मात्र फक्त पहिली गोष्ट सांगितली जाते: "अकरा दिली." पुढं त्या अकरांचं काय झालं, हे कुणी वहीत लिहीत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात डुकरं पाळणाऱ्याच्या हाताशी दोन गोष्टी सहज येतात. एक म्हणजे पत्रा, कारण कारखानदारीच्या गावात पत्र्याची शेड सगळ्यात लवकर उभी राहते. दुसरी म्हणजे भोसरी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी इथल्या कारखान्यांच्या कॅन्टीनमधून आणि हॉटेलांमधून निघणारं उरलेलं अन्न. भांडवल कमी असलेल्या माणसाला या दोन गोष्टींनी धंद्यात उतरवलं, हे खरं आहे. पिल्लांच्या वजनाबद्दलचे बरेचसे गैरसमजही याच दोन गोष्टींभोवती वाढले आहेत.

गैरसमज: चांगल्या जातीची मादी आणली की वजन आपोआप येतं

जातीला महत्त्व आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. गावठी डुकराचं पिल्लू जन्मताना बहुधा एक किलोच्या आत असतं, तर लार्ज व्हाइट यॉर्कशायरचं सव्वा किलोच्या आसपास. म्हणूनच दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून सरकारनं विदेशी जातींची पैदास हाती घेतली आणि महाराष्ट्रात बोरिवलीला बेकन फॅक्टरी उभी राहिली. संकरित माद्या पिल्लं जगवण्यात आणि वाढवण्यात शुद्ध जातीपेक्षा सरस ठरतात, हाही जुना अनुभव आहे.

पण एकदा जात ठरली की पुढचा हिशेब वेगळा. एकाच कळपात एका मादीला बारा आणि दुसरीला सात पिल्लं का होतात, या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण दहा टक्के असतो. वेताच्या वजनातही तो कमीच भरतो. बाकीचं सगळं खाद्य, हवा, जागा, मादीचं वय, रोग आणि माणसाचा हात ठरवतो. चारदोन वेतं वाईट गेली की "ही लाइनच खराब" म्हणून माद्या विकून नव्या आणणारे पाहिले की वाईट वाटतं. नव्या माद्या त्याच पत्र्याखाली, तेच खाऊन, तशीच वेतं देतात.

मादी काढून टाकण्याआधी तिचं वेत कितवं आहे, हेही पाहायला हवं. पहिलं वेत लहान आणि हलकं असतंच, कारण मादी स्वतः अजून वाढत असते. तिसऱ्या ते पाचव्या वेतात ती भरात असते. पहिल्या वेतावरून मादी विकणारा माणूस तिची उत्तम वर्षं दुसऱ्याच्या पदरात टाकतो. जातीच्या बाबतीत खरी चूक होते ती वेगळीच. एकच नर वर्षानुवर्षं ठेवतात आणि तो आपल्याच लेकींवर, नातींवर लागतो. अशा रक्ताच्या नात्यातल्या पैदाशीनं पिल्लं कमी होतात, कमजोर होतात. नर वेळेवर बदलणं हे नव्या माद्या आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, म्हणजे ३० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे. अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की प्रकल्प अहवालात विण्याच्या खोलीचा खर्च आधी धरा आणि मग विदेशी जातीच्या किमती जुळवा.

गैरसमज: जितकी जास्त पिल्लं, तितकं चांगलं वेत

गर्भाशयातली जागा आणि मादीच्या रक्तातून मिळणारं पोषण ठरावीक असतं. वेतात एक पिल्लू वाढलं की सगळ्यांचं सरासरी जन्मवजन थोडं थोडं उतरतं आणि वेतात लहानमोठेपणा वाढतो. एक किलोच्या खालचं पिल्लू मरण्याचा धोका सव्वा किलोच्या पिल्लापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. जन्मताच दुबळं असलेलं पिल्लू मागच्या सडाकडे ढकललं जातं आणि पुढच्या सडांना दूध जास्त असतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवतं आणि मग तो सोडत नाही. पहिल्या तीन दिवसांत मागं पडलेलं पिल्लू सहसा शेवटपर्यंत मागंच राहतं.

साधा हिशेब करू. २८ दिवसांनी सात-सात किलोची आठ पिल्लं म्हणजे ५६ किलो. पाच-पाच किलोची दहा म्हणजे ५० किलो. दुसऱ्या वेतात दोन पिल्लं जास्त असूनही ते हलकं आहे आणि त्यातली पिल्लं विक्रीच्या वजनाला उशिरा येणार आहेत. पिल्लं मोजणं सोपं असतं म्हणून आपण ती मोजतो. वजन करायला काटा लागतो.

मादीला किती सड आहेत आणि त्यांतले चालू किती, हे गाभण काळातच पाहून ठेवावं. बहुधा १२ ते १४ असतात. सडांपेक्षा पिल्लं जास्त झाली तर जादा पिल्लं त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली लावता येतात. मात्र ती आधी स्वतःच्या आईचा चीक प्यालेली हवीत आणि बदल पहिल्या एक-दोन दिवसांतच व्हायला हवा. तिथून पुढं सड ठरून गेलेले असतात आणि नव्या पाहुण्याला मारामारीच वाट्याला येते.

गैरसमज: डुकराला चिखलच आवडतो, त्याला काही लागत नाही

या एका समजुतीनं जितकी पिल्लं मारली, तितकी कुठल्या रोगानं मारली नसतील असं वाटतं. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. उन्हानं जीव कासावीस झाला की ते ओल्यात लोळतं, कारण अंग थंड करण्याचा त्याच्याकडे तेवढाच उपाय असतो. स्वच्छ गार पाणी मिळालं तर ते तिथं लोळेल. जागा मिळाली तर ते हागण्या-मुतण्याचा कोपरा खाण्या-झोपण्यापासून वेगळा ठेवतं.

व्यालेल्या मादीला १८ ते २२ अंशांची हवा सोसवते, पंचविशीच्या वर गेलं की तिचं खाणं घटतं. पुण्याच्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा ३८च्या वर जातो आणि उघड्या पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. मादीनं खाणं कमी केलं की दूध आटतं. वेताचं वजन एक किलोनं वाढायला मादीला सुमारे चार किलो दूध द्यावं लागतं. म्हणजे दुपारी तिनं टाकून दिलेली प्रत्येक घमेलीभर पेंड पिल्लांच्या अंगावरून वजा होते.

याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट अशी. वेत लहान निघण्याचं कारण कधीकधी विण्याच्या वेळी नसतंच, ते पाच-सहा महिने मागं असतं. उन्हाळ्यात तापलेल्या नराचं वीर्य पुढचे पाच-सहा आठवडे बिघडलेलं राहतं, कारण शुक्राणू तयार व्हायला तेवढा काळ लागतो. मादी नुकतीच गाभण राहिली असताना उष्णतेचा ताण बसला तर सुरुवातीचे गर्भ जिरून जातात. डुकरिणीचा गाभण काळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. जूनच्या मध्यावर लागलेली मादी ऑक्टोबरच्या सुरुवातीला विते. दसऱ्याच्या सुमारास चार-पाच पिल्लांचं वेत आलं की लोक पावसाळ्याला, पाण्याला, नाहीतर नजरेला दोष देतात. त्या वेताचं नुकसान मे महिन्यात पत्र्याखाली होऊन गेलेलं असतं.

उपाय महागडे नाहीत. पत्र्याला वरून चुना, त्यावर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत कमी येतं. उन्हात पसरलेली पाण्याची नळी सावलीत किंवा जमिनीत, कारण दुपारी तिच्यातून गरम पाणी येतं आणि मादी ते पीत नाही. दूध देणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ३० लिटर पाणी लागतं. खाद्य पहाटे आणि रात्री द्यावं. मादीच्या मानेवर थेंब थेंब पाणी पडेल अशी नळी बसवता येते, फक्त ते पाणी पिल्लांच्या कोपऱ्याकडे वाहू देऊ नये. नरासाठीही हेच. बहुतेक ठिकाणी तो सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यात बांधलेला असतो.

गैरसमज: आईच्या कुशीत पिल्लांना ऊब मिळतेच

मादीला विशीतली हवा हवी, तर नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची. एकाच खोलीत दोन ऋतू तयार करावे लागतात. वराहपालनातलं सगळं कसब इथं पणाला लागतं.

पिल्लू ओलं जन्मतं, त्याच्या अंगावर चरबी नावापुरती असते आणि यकृतातला साखरेचा साठा जेमतेम एक दिवस पुरतो. डिसेंबर-जानेवारीत खेड-चाकणकडे रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं. पावसाळ्यात थंडी नसली तरी कोब्याची ओली फरशी अंगातली ऊब शोषून घेते. गारठलेलं पिल्लू सुस्त होतं, नीट पीत नाही. न प्याल्यानं आणखी गारठतं, ऊब शोधत आईला चिकटून झोपतं आणि ती कूस बदलते तेव्हा तिच्या अंगाखाली सापडतं. सकाळी मेलेलं पिल्लू पाहून "आईनं चिरडलं" असं म्हणतात. मादीला नाव ठेवलं जातं. खरं कारण आदल्या रात्रीची थंडी आणि रिकामं पोट असतं. दूध पिण्याच्या वयातली बहुतेक मरतूक पहिल्या तीन दिवसांत होते आणि तिच्यात रोगाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो.

कोपऱ्यात लाकडी खोका, त्यात कोरडा पेंढा, वर इन्फ्रारेड बल्ब. मावळ-खेडच्या भातपट्ट्यात पेंढ्याला तोटा नाही. तापमापक नसला तरी पिल्लंच सांगतात: एकमेकांवर ढीग करून पडली तर गार आहे, बल्बपासून लांब पसरली तर जास्त तापलंय, शेजारी शेजारी कुशीवर निवांत झोपली तर बरोबर. दर आठवड्याला ऊब थोडी कमी करत जायची. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर लोखंडी पाइपचा कठडा बसवला की मादी भिंतीला टेकून बसली तरी पिल्लाला निसटायला जागा राहते. भोसरीच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम होऊन जाईल. विण्याच्या आदल्या दिवशी मादीला थोडा पेंढा द्यावा. ती तोंडानं तो रचते, घरटं करते आणि शांत होते.

चीक: याला पर्याय नाही

गाईच्या चिकाचं महत्त्व आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. डुकरिणीच्या चिकाचं त्याहून कमी नाही. तिच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळं पिल्लू जन्मतं ते रोगांसमोर पूर्ण उघडं. चिकातून ती द्रव्यं मिळतात, आणि ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट साधारण एका दिवसात बंद होते. प्रत्येक पिल्लाला त्या वेळात पावशेराच्या आसपास चीक मिळायला हवा. उशिरा जन्मलेली आणि लहान पिल्लं इथंच मागं पडतात.

मोठं वेत असेल तर आधी जन्मलेली, पोट भरलेली पिल्लं तासभर उबेच्या खोक्यात ठेवावीत आणि सडांवर लहानांना एकटं सोडावं. मग अदलाबदल. याला पैसा लागत नाही, माणूस लागतो. मादी व्यायला लागल्यापासून वार पडेपर्यंत तीन-चार तास जातात आणि बहुधा ते रात्रीचे असतात. त्या रात्री गोठ्यात जागणाऱ्या माणसाची मजुरी ही या धंद्यातली सगळ्यात फायद्याची गुंतवणूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

जागण्याऐवजी ऑक्सिटोसिन टोचून विणं उरकण्याची सवय काही ठिकाणी पडली आहे. ती सोडायला हवी. गर्भमार्ग पुरता उघडण्याआधी किंवा जास्त मात्रेत ते दिलं तर पिल्लं आतच गुदमरतात आणि मेलेली बाहेर येतात. ते औषध पशुवैद्यकानं पाहून द्यायचं आहे.

आणखी एक गोष्ट या औद्योगिक पट्ट्याची म्हणून सांगायला हवी. डुकरीण साधारण तासाभरानं दूध सोडते, तेही जेमतेम वीस सेकंद. त्याआधी ती लयीत हुंकार देते. तो हुंकार ऐकून पिल्लं जमतात, कास ढुसतात आणि त्याची गती वाढली की दूध आलं हे त्यांना कळतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका अभ्यासात मोठ्या पंख्यांच्या सततच्या आवाजात ही बोलाचाली बिघडते आणि पिल्लांना दूध कमी मिळतं असं दिसलं. शेजारी जनरेटर, कटिंगची मशिनं किंवा दिवसभर मोठ्यानं लावलेला स्पीकर असेल तर विण्याची खोली तिथून हलवावी.

गैरसमज: कॅन्टीनचं अन्न फुकट मिळतं, मग पेंड कशाला?

उरलेलं अन्न वाया न जाता जनावराच्या पोटात जावं, यात चांगुलपणाच आहे. पण त्याचं गणित पाहा. भात, पातळ डाळ, रस्सा, पोळ्या यांच्या मिश्रणात बहुतांश पाणी असतं, कोरडा भाग पाव हिश्शाच्या आसपास. दूध देणाऱ्या मादीला रोज पाच किलोच्या घरात कोरडं खाद्य लागतं. ते नुसत्या खरकट्यातून द्यायचं तर वीस किलो ओलं अन्न तिच्या पोटात जावं लागेल, आणि उन्हाळ्यात ती त्याच्या निम्मंही खात नाही. शिवाय भात-पोळीतून ताकद मिळते, पण दूध तयार करायला आणि पिल्लांचं मांस भरायला लागणारं लायसिन, कॅल्शियम, फॉस्फरस त्यात अपुरं पडतं. मादी मग स्वतःची हाडं आणि मांस झिजवून दूध देते. पिल्लं तोडल्यावर ती हडकलेली दिसते, पाच-सात दिवसांत यायचा माज लांबतो आणि पुढचं वेत लहान येतं.

मीठ हा वेगळाच धोका. खारट रस्सा पोटात गेला आणि पाण्याचं भांडं रिकामं राहिलं तर मादीला झटके येतात, ती दगावते. बुरशी लागलेला पाव आणि मका हे गाभण मादीसाठी विष आहे.

म्हणून कॅन्टीनचं अन्न मोठ्या, विक्रीसाठी वाढवायच्या डुकरांना द्या. गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यातल्या आणि व्यालेल्या मादीला मका, सोया पेंड, गव्हाचा कोंडा आणि खनिज मिश्रण यांचं तोललेलं खाद्य हवंच. फुकटच्या अन्नातून वाचलेला पैसा याच दीड-दोन महिन्यांसाठी आहे.

आणि कुणालाही द्या, उकळूनच द्या. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा रोग भारतात पहिल्यांदा २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. त्याच्यावर औषध नाही आणि आपल्याकडे लसही नाही. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा कळप पुसून टाकतो. त्याचा विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या डुकराच्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो, म्हणजे हॉटेलच्या एका पिशवीतून तो गोठ्यात येऊ शकतो. त्याला मारायचं तर खरकटं ९० अंशांवर निदान एक तास, सतत ढवळत तापवावं लागतं. वरवर एक वाफ काढली म्हणजे काम झालं, असं नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूतची जी साथ आली, ती न उकळलेलं खरकटं घालणाऱ्या एका डुक्करफार्मपर्यंत मागं जाते. त्या साथीत ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि डुकरांना खरकटं घालण्यावर तिथं बंदीच आली. आपल्याकडे हजारो कुटुंबांचा चरितार्थ त्यावर आहे. तो टिकवायचा असेल तर चूल पेटवण्याला पर्याय नाही.

थोडक्यात सांगण्यासारखे दोन गैरसमज

गाभणपणी भरपूर चारलं की पिल्लं मोठी होतात, हे अर्धंच खरं. गर्भाची बरीचशी वाढ शेवटच्या महिन्यात होते, तेव्हा खाद्य वाढवावं. त्याआधी दोन-अडीच किलो पुरे. आधीच लठ्ठ झालेली मादी विताना अडते आणि व्याल्यावर खात नाही, म्हणजे नेमकं खायला हवं तेव्हाच तिची भूक जाते.

लोहाचं इंजेक्शन म्हणजे उगाच खर्च, हेही चूक. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असतं, रोजची गरज सात मिलिग्रॅमच्या आसपास आणि आईच्या दुधातून मिळतं एक. म्हणजे साठा आठवड्यात संपतो. मोकळ्या रानातली पिल्लं मातीतून लोह घेत, म्हणून आजोबांना इंजेक्शनची गरज पडली नाही. कोब्यावर माती नाही. तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम दिलं नाही तर पिल्लं पांढुरकी पडतात, धापा टाकतात आणि त्यांचं वजन जागीच थांबतं.

क्लासिकल स्वाइन फिव्हरची (आफ्रिकन नव्हे, हा वेगळा रोग) लस आणि विण्याआधी दोन आठवडे जंतनिर्मूलन यांचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावं. मरतूक संशयास्पद वाटली तर नमुने तपासायला पुण्यातच औंधला रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे. मेलेलं पिल्लू नाल्यात किंवा इंद्रायणीत टाकू नका, आधी दवाखान्याला कळवा.

आता एकच विनंती. पुढची मादी विण्याआधी स्प्रिंगचा काटा आणि एक वही आणून ठेवा. पिल्लांचं पहिल्या दिवशी, एकविसाव्या दिवशी आणि दूध तोडताना वजन करा. पहिलं वजन गाभण काळातल्या शेवटच्या महिन्याचं, दुसरं आईच्या दुधाचं, तिसरं तुम्ही पिल्लांना घातलेल्या खाद्याचं. मादी विकायची की पत्र्यावर पाचट टाकायचं, हे त्या तीन आकड्यांना विचारून ठरवा.